उत्तर भिंत, चौथा थर, एकोणिसावा

मखमलाबादच्या रस्त्याला पेट्रोल पंपामागं
बारव आहे, हे पंपावरच्या पोराला माहीत नव्हतं.
"खड्डा आहे," तो म्हणाला, "कचऱ्याचा."
खोटं बोलत नव्हता.

अकरा ट्रॉल्या भरून वर काढलं:
निर्माल्य, थर्माकोलची मखरं, द्राक्षांचे फुटके क्रेट,
पाण्यानंही घेतले नाहीत ते गणपती,
एक दप्तर, आतल्या वह्यांसकट.
मग पायरी लागली.
पायरीखाली पायरी.
अठ्ठाविसाव्या पायरीवर ओल.

माझं काम मोजणीचं. कंत्राटी, अकरा महिन्यांचं.
दर दगडावर पांढऱ्या रंगानं आकडा टाकायचा,
म्हणजे उतरवलेली भिंत पुन्हा चढवताना
कोणी कोणाच्या जागी बसत नाही.

भिवसन कुसाळकर चुना मळायचा.
गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी.
घाणीला बैल मिळाला नाही,
दोन जावई जुंपले होते.
"सिमेंटला घाई असते, ताई," म्हणायचा,
आणि तंबाखू मळायला बसायचा
तासभर.

उत्तर भिंतीत एक दगड नव्हता.
चौथा थर, एकोणिसावा.
त्या पोकळीत मुंगसाचं घर.
नकाशात मी तुटक रेघ मारली,
पुढं लिहिलं: अप्राप्त.

चौथ्या दिवशी धाकटा जावई
चाळीत पाणी मागायला गेला
आणि तांब्या हातात तसाच घेऊन पळत आला.

हौसाबाई खैरनारांच्या न्हाणीत, नळाखाली,
दगड पालथा पडलेला.
वरून साबणाचा फेस.
हात खाली घालून चाचपलं
तर बोटांना कमळाची पाकळी लागली, मग दुसरी.

"मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही बारवेतच धुवायचो.
मग पाणी आटलं. मग नळ आला.
बाया जायच्या बंद झाल्या, तर सासऱ्यानं
दगडच घरी आणला.
ह्यांची प्रेसची खाकी, पोरांची दुपटी,
सगळं ह्याच्यावर."
मधोमध खळगा पडला होता,
पळीएवढा, तेलकट गुळगुळीत.

"न्या," ती म्हणाली. "सरकारचा असेल तर न्या.
पण मी उद्या धुणं कुठं आपटू?"

माझ्या तक्त्यात ह्याला रकाना नव्हता.
'स्थिती' होता, 'नुकसान' होता.
मी 'नुकसान'पुढं लिहिलं: साबण, पन्नास वर्षं.
वरच्या साहेबांनी ते खोडून
'झीज' केलं.

भिवसननं दोन दिवस काम थांबवलं.
ढिगातला एक काळा दगड निवडला,
कोणी मोबदला विचारला नाही, त्यानं सांगितला नाही,
छिन्नीनं चारी कडा मारल्या
आणि जावयांच्या खांद्यावरून न्हाणीत नेऊन टाकला.
हौसाबाईनं तळवा फिरवला.
"खरखरीत आहे."
"होईल," भिवसन म्हणाला. "पन्नास वर्षांत."

एकोणिसावा चढवला तेव्हा मुंगूस
पलीकडच्या भिंतीवरून बघत होतं.
कमळ बाहेर, खळगा आत, हे ठरलेलंच.
खळग्यात तीन थाप्या चुना जास्त गेला.
त्या तीन थाप्या कुठल्याच हिशोबात बसेनात,
शेवटी भिवसननं आपल्या नावावर मांडल्या.

आता बारवेला कुंपण आहे, निळा फलक आहे,
फलकावर 'बारव'ला काना पडलाय: बाराव.
पंपावरचं पोर गाड्यांना हात करून सांगतं,
"मागं वळा, खड्ड्याकडं,"
आणि जीभ चावतं.

रंगाचा डबा परत करायला निघाले
तर हौसाबाई दारात उभी.
"आमच्याही दगडावर आकडा टाका.
उद्या कोणी उचलून नेला
तर घरी कसा येणार?"

मी उकिडवी बसले, ब्रश बुडवला.
विचारलं, कुठली भिंत लिहू, कुठला थर?

"न्हाणी लिहा," ती म्हणाली,
"आणि कपडे वाळत घालायचेत,
लवकर लिहा."